चोच मागे, पेटी बंद

टोपीची चोच पुढे असेल तर त्यांच्याशी बोलायचं, चोच मागे असेल तर बोलायचं नाही. जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये मी नोकरीला लागले तेव्हा मला मिळालेली ही पहिली सूचना, आणि तीही मालकांनी नाही, त्यांच्या बायकोने दिली. टोपी म्हणजे बियाण्यांच्या कुठल्याशा कंपनीने शेतकऱ्यांना फुकट वाटलेली, एके काळी हिरवी असावी अशी. "चोच मागे म्हणजे आमचे हे बंद आहेत," काकू म्हणाल्या. "तेव्हा काही सांगायला जाशील तर वाया जाईल."

मी म्हटलं, "हो."

मला काही कळलं नव्हतं. त्या वयात काही कळलं नाही की मी "हो" म्हणायची, त्यामुळे दिवसभर माझं हो-हो चाललेलं असे. त्या वयात म्हणजे तिशीत. धुळ्याच्या पॉलिटेक्निकमधला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, घरी दोन मुलं, अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि खांद्याला एवढी मोठी पर्स, की वेळ आलीच तर डिप्लोमा घडी न घालता दाखवता यावा. वेळ कधी आली नाही. आता माझी नातवंडं विचारतात, आजी, तू खरंच चिपवर काम करायचीस? मी म्हणते, चिप काम करायची, मी तिच्याकडे बघत बसायची.

सगळे मालकांना नाना म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले. कुठल्याशा मोठ्या कारखान्यात यंत्रांचं इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून, तिथून वेळेआधी निवृत्ती घेऊन ते जळगावला येऊन राहिले होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. केळी पिकवायच्या थंड खोल्यांचं आमच्याकडे नुकतंच वारं आलं होतं आणि नाना त्या खोल्यांसाठी डबे बनवत. प्रत्येक खोलीच्या भिंतीवर एक डबा, बाहेर ऑफिसात एक मुख्य डबा, आणि सगळ्यांना जोडणाऱ्या फक्त दोन तारा. खोली किती गरम, पंखा चालू की बंद, सगळं बोलणं त्या दोन तारांवरून. त्याला कॅन बस म्हणतात हे मी मुलाखतीत ऐकलं आणि ओळखीचं असल्यासारखी मान हलवली.

"गावातला पार समज," नानांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. "एक बोलतो, बाकीचे सगळे ऐकतात. ऐकू सगळ्यांनाच येतं. पण आपल्या नंबरचं असेल तेवढंच आपण आपल्या पेटीत घ्यायचं."

"हो."

"आणि बोलणं संपलं की कोणीतरी हुंकार द्यायचा. कोणीच दिला नाही तर बोलणारा तेच तेच पुन्हा बोलत बसतो. पण हुंकार कोणी द्यायचा? ज्याला नीट ऐकू आलं त्याने, कोणीही. ज्याच्यासाठी बोललं त्यानेच दिला पाहिजे असं नाही."

मी जरा हुशार असते तर तिथेच विचारलं असतं, की मग ज्याच्यासाठी बोललं त्याने ते घेतलं की नाही हे बोलणाऱ्याला कसं कळणार? मी म्हटलं, "हो, हो."

नानांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "तू हुंकार चांगला देते, बाई," ते म्हणाले.

मला ती शाबासकी वाटली. घरी जाऊन मी ती सांगितलीही.

पेटी हा नानांचा शब्द. पुस्तकात मेसेज बफर असं होतं. चिपच्या पोटात अशा पंधरा पेट्या. चौदा पेट्या घेऊ शकत आणि पाठवूही शकत. पंधरावी फक्त ऐकून घेणारी, तिच्यातून काही पाठवता येत नसे. "ही आमच्या घरातली," असं नाना स्वयंपाकघराकडे बोट दाखवून म्हणत आणि आतून काकूंचा आवाज येई, "ऐकू येतंय मला."

प्रत्येक पेटीला तिचा नंबर. आणि खरी भानगड होती ती हा नंबर चालू यंत्रात बदलण्याची. नंबर एका दमात लिहिला जात नाही, तुकड्या-तुकड्याने जातो. पहिला तुकडा नवा पडला आणि दुसरा अजून जुनाच आहे, एवढ्यात तारेवरून काही आलं, तर ती पेटी धड जुन्या नंबरची नसते आणि धड नव्या नंबरचीही नसते. तिचा भलताच तिसरा नंबर झालेला असतो आणि ती भलत्याचाच निरोप घेऊन मोकळी होते. म्हणून नानांचा क्रम ठरलेला. आधी पेटी बंद करायची, मग नंबर बदलायचा, मग पेटी उघडायची. बंद असताना आलेलं तिच्यापुरतं वाया गेलं तरी चालेल.

मी हे वहीत लिहून घेतलं, खाली लाल रेघ मारली, आणि पुढच्याच आठवड्यात टेबलावरच्या दोन नंबरच्या डब्याची पेटी बंद न करताच तिचा नंबर बदलायला घेतला. दोन नंबरचा पंखा चार नंबरचा हुकूम घेऊन जो गरगरायला लागला, त्याने नानांच्या पुढ्यातले कागद उडून थेट काकूंच्या पापडांवर जाऊन बसले. नानांनी टोपीची चोच मागे केली आणि दुपारपर्यंत तसेच बसून राहिले. मला वाटलं, गेली नोकरी. पर्स आवरून मी काकूंना विचारायला गेले तर त्या म्हणाल्या, "रागावले नाहीत. रागावण्यातून परत कामात यायचं चाललंय. मधे बोलायचं नाही."

हे असं सगळ्याच बाबतीत. घराच्या पाटीला रंग द्यायचा तर पाटी उतरवून ठेवलेल्या दिवसांत पोस्टमनकडून पत्र घ्यायचं नाही, कारण घर बंद आहे. तुरीच्या डब्यात मूग भरायचे तर डबा आधी रिकामा करून, झाकण उपडं ठेवून ओट्यावर पडलेला दिसला पाहिजे. "माझं अर्धं स्वयंपाकघर कायम उपडं असतं," काकू म्हणत. शेडमधून घरात जेवायला येताना अंगण ओलांडेपर्यंत चोच मागे. दारात कोणी आलं की पहिला प्रश्न, "आज कोण म्हणून आलात?" शेजारचे आबा शिडी मागायला आले होते, ते गोंधळून म्हणाले, "नाना, मी आबाच आहे." नाना म्हणाले, "ते दिसतंय. शेजारी म्हणून आलात, गिऱ्हाईक म्हणून, का गप्पा मारायला?" आबा शिडी न घेता गेले.

"अर्धवट बदललेल्या वस्तूइतकं वाईट काही नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते असं म्हणाले की काकू हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघत. मी आपली वहीत लिहून घेत असे.

त्याचं कारण काकूंनीच मला एकदा कापसाच्या वाती वळता वळता सांगितलं. नानांना एक थोरली बहीण, अक्का. माहेर धुळ्याकडचं, दिलेली फैजपूरकडे. आई शेवटी नानांकडे पिंप्राळ्याला होती. आई गेली त्याच्या थोडं आधी अक्काच्या घरचे खेड्यातून उठून फैजपूर गावात राहायला आले होते. नानांनी तार केली, पण त्या गोंधळात पत्ता अर्धा नवा आणि अर्धा जुना लिहिला. गाव फैजपूर, आणि आळी त्या खेड्यातली. तार फैजपुरात नसलेली आळी शोधत फिरली. अक्का पोचली तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. आईचं तोंड तिला दिसलं नाही. त्यानंतर ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली नाही. आमच्या खान्देशात लेक आखाजीला माहेरी आली नाही म्हणजे काय, ते निराळं सांगायला नको. दिवाळीला एक वेळ नाही आली तरी चालतं.

"टोपी आधीचीच," काकू म्हणाल्या. "उलटी घालायला लागले ते तेव्हापासून."

मी म्हटलं, "हो." आणि काय सांगू, डिप्लोमावाल्या बाईला तारेचा आणि पेटीचा काही संबंध लागला नाही. मी त्यांना वातींचा कापूस कुठून आणता ते विचारलं.

मग एक दिवस केळीच्या एका व्यापाऱ्याबरोबर अक्कांचा निरोप आला. त्यांनी घरच्या बागेच्या मालासाठी चार खोल्या बांधल्या होत्या. "डबे नानाचेच बसवा. काम तो नीट करतो. बोलणार मात्र नाही," एवढाच निरोप. नाना तो ऐकून आधी अंगणात गेले, टोपी फिरवली, परत आले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "बाई, फैजपूरची तयारी कर."

तिथे माझी भूमिका काय असणार हे मला पोचल्यावर कळलं. भाऊ-बहीण एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर, आणि मध्ये मी.

"त्या टोपीवाल्याले सांग, च्या थंडा व्हई राह्यना," अक्का मला म्हणाल्या. उंच, सावळ्या, नऊवारीचा पदर कमरेला खोचलेल्या. इतकी वर्षं फैजपुरात काढूनही भाऊ समोर आला की त्यांच्या तोंडी धुळ्याकडची अहिराणी येत होती.

मी नानांकडे वळून म्हटलं, "नाना, चहा थंड होतोय."

"त्यांना सांग, या उन्हात थंडच बरा."

"अक्का, ते म्हणतात की..."

"ऐकू येस माले," अक्का म्हणाल्या. पण उत्तर माझ्याच तोंडून पुरं होईपर्यंत त्या थांबल्या. मला दिवसभर कळेना, दोघांना सगळं ऐकू येतंय तर मी कशाला? बरं, मी गप्प बसले तर दोघंही माझ्याकडेच बघायचे.

डबे बसले, खोल्या चालू झाल्या, घड आत गेले. आणि मग अक्कांच्या मनात आलं की रस्त्याकडची खोली एक नंबरची पाहिजे. ती तर होती तीन नंबरची. केळी आत पिकायला ठेवलेली, म्हणजे यंत्र थांबवता येणार नाही. चालू यंत्रात पेट्यांचे नंबर बदलायचे. आम्ही पुन्हा गेलो. नाना मुख्य डब्यासमोर स्टुलावर बसले, टोपीची चोच मागे केली आणि डब्यावरची बटणं दाबत एकेक पेटी बंद करायला लागले. मी शेजारी उभी राहून कुठली बंद झाली, कुठली उघडली, ते मोठ्याने म्हणत होते.

अक्का मागे दारात आल्या. बराच वेळ त्या भावाच्या पाठीकडे, त्या उलट्या टोपीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे न बघता सरळ त्या पाठीला म्हटलं, "आखाजीले लेवाले येजो. मी येसू."

आखाजीला न्यायला ये, मी येईन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, मधे कोणाला न घालता.

आणि मी काय केलं? दिवसभराच्या सवयीने म्हटलं, "हो."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि आत गेल्या. नानांचं बोट बटणावर जरा थांबलंसं वाटलं. पण दोन पेट्यांच्या मधे ते तसंही थांबत, म्हणून मी त्याचा काही अर्थ लावला नाही. काम संपलं, त्यांनी टोपी सरळ केली. "झालं म्हणून सांग त्यांना." मी सांगितलं. आतून उत्तर आलं, "ऐकू वनं." ऐकू आलं.

एसटीत बसल्या बसल्या नानांनी चोच मागे केली. प्रवासातला माणूस त्यांच्या मते अर्धा इथला आणि अर्धा तिथला. मी भुसावळपर्यंत कसाबसा दम धरला. "नाना, अक्का म्हणाल्या..." त्यांनी बोटाने टोपी दाखवली आणि खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत राहिले. जळगावला उतरलो. रिक्षातही चोच मागेच. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये चोच पुढे बघून मी म्हटलं, "नाना, अक्का..." आणि चोच मागे गेली. त्यानंतर ज्या ज्या वेळी मी "अ" म्हणून तोंड उघडलं त्या त्या वेळी तेच. एकदा मी अडॅप्टर मागत होते, तरीही.

शेवटी मी काकूंना सांगितलं. त्या खाली बसल्याच. "अक्का स्वतः म्हणाली? यांना? आणि तू हो म्हणालीस?"

"हो."

"मग ती आता पुन्हा म्हणणार नाही. तिच्या लेखी निरोप पोचला. आखाजीला ती पिशवी भरून बसेल, आणि इथून कोणी गेलं नाही तर..." काकूंनी वाक्य पुरं केलं नाही. करायची गरज नव्हती. एक निरोप आधीच तिच्यापर्यंत वेळेत पोचला नव्हता. आता तिचा पोचला नाही तर ती या घराचं पुन्हा नाव घेणार नव्हती.

"तुम्ही सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"मी सांगितलं तर म्हणतील, तूच जुळवून आणलंस. आणि मी अक्काचं नाव काढलं की काय होतं ते तू बघतेसच." मग त्या म्हणाल्या, "ते फक्त त्या डब्यांचं ऐकतात. डब्यातून सांग."

पंधरावी पेटी अशी बोलली.

आता सांगायला हरकत नाही, मला ती युक्ती आपल्याला जमेल असं अजिबात वाटलं नव्हतं. एका निरोपात आठच अक्षरं मावतात, तीही इंग्रजी. "आखाजी" लिहून बघितलं, पुढे जागा उरेना. "अक्का येणार" बसेना. शेवटी AKKAYETE असं सलग लिहिलं तर बरोब्बर आठ झाली आणि मला उगाच वाटलं की आता सगळं जमणार. टेबलावर दोन डबे तारेने जोडले. एका डब्याची पेटी बंद केली, तिचा नंबर बदलला, अक्षरं भरली, पाठव म्हणून सांगितलं. दुसऱ्या डब्याच्या पडद्यावर काही येईना. तारा हलवून बघितल्या. वीज बघितली. वही काढून लाल रेघ मारलेलं वाचलं. पडदा कोरा.

नाना बाजूच्या टेबलावर होते, चोच पुढे. मी घाबरत म्हटलं, "नाना, इथे काही येत नाहीये."

कामाचं म्हटल्यावर ते लगेच उठून आले. पेटीत काय भरलंय ते त्यांनी विचारलं नाही, दुसऱ्याच्या पेटीत डोकवायची त्यांची पद्धत नव्हती. फक्त क्रम विचारला. "बंद केलीस?"

"हो."

"नंबर बदललास?"

"हो."

"उघडलीस?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"बंद केलीस, बदललंस आणि उघडायची राहिली," नाना म्हणाले. "मग आतलं जाणार कसं? सगळं भरून तयार आहे, आणि पेटी बंद." असं म्हणत त्यांनी स्वतःच बटण दाबलं.

समोरच्या पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. AKKAYETE.

नानांनी ती वाचली. मला वाटलं, आता चोच मागे जाणार. हात टोपीपर्यंत गेलाही. मग तो तिथेच, कपाळापाशी राहिला. पंखा कुरकुरत होता आणि काकू दारात येऊन उभ्या होत्या, हात पिठाचे.

"ऐकू आलं होतं," नाना म्हणाले. "त्याच दिवशी. घेतलं नव्हतं."

"का?" मी विचारलं. माझ्या त्या सगळ्या नोकरीत नानांच्या सांगण्यावर मी हो सोडून म्हटलेला बहुधा हा पहिला शब्द.

ते घरात गेले. अंगण ओलांडताना चोच पुढेच होती, हे काकूंनी मला खूण करून दाखवलं.

माहेरवाशिणीला आणायला मुऱ्हाळी म्हणून कोणी धाकटा भाऊ, भाचा वगैरे जातो. इथे पांढऱ्या मिशांचा मुऱ्हाळी एसटीने गेला. त्याने बरोबर काय नेलं, काकूंनी काय पाठवलं, ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी तो अक्कांना घेऊन परत आला एवढं खरं. फैजपूरला दारात काय झालं, कोण आधी बोललं, हे मी दोघांनाही नंतर विचारून पाहिलं. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, आणि दोन्हींत आधी बोलणारा दुसराच होता.

आखाजीच्या दिवशी मलाही जेवायला बोलावलं होतं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, आणि अंगणातल्या निंबाला बांधलेला झोका. अक्का साठीला आलेल्या, पण झोक्यावर बसल्या. नाना समोर जाऊन उभे राहिले. घसा खाकरला आणि म्हणाले, "अक्का, ती तार..."

अक्कांनी पाय टेकवून झोका थांबवला. हात लांब करून नानांच्या डोक्यावरची टोपी काढली, आपल्या पांढऱ्या अंबाड्यावर घातली आणि चोच मागे फिरवली. मग पायाने रेटा देऊन पुन्हा झोका घेतला.

नाना उघड्या डोक्याने तिथेच. त्यांना टक्कल आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला वाटलं, आता ते परत फिरतील. त्यांच्याच नियमाप्रमाणे तिथे बोलून उपयोग नव्हता. पण ते बोलत राहिले. तार कोणत्या पोस्टात दिली, पत्ता लिहिताना नवं गाव आठवलं आणि आळी जुनीच हाताने कशी लिहिली गेली, आईने शेवटी कोणाचं नाव घेतलं, सगळं. अक्का झोक्यावर पुढे येत होत्या, मागे जात होत्या, नजर वर निंबाकडे. कधी नाना त्यांच्याशी बोलताहेत असं वाटायचं, कधी रिकाम्या जागेशी. मला समजेना की हे नीट चाललंय की बिघडलंय.

बोलून संपलं. काकू ओठ दाबून उभ्या. झोक्याची दोरी कुरकुरत राहिली. कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं आणि कोणीच म्हणत नव्हतं, म्हणून मी म्हटलं, "हो."

झोका थांबला. अक्कांनी टोपीची चोच हळूच पुढे घेतली, माझ्याकडे पाहिलं, मग सरळ भावाकडे.

"नाना," त्या म्हणाल्या, "हिले काय समजनं?"

"काही नही," नाना म्हणाले. "पन हुंकार चांगला देस."